अप्पांनी पाळलेले सुतक

मन्मथअप्पा लिंगायत होते, आणि लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, ही गोष्ट ते आपल्या दातांच्या दवाखान्यात कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. "आमच्या घरात जन्म झाला तरी सुतक नाही, मरण झालं तरी नाही. विटाळ नाही, शिवाशिव नाही. पण या दवाखान्यात एक सुतक हाय. ते मी पाळतो, तुम्हालाबी पाळावं लागंल." मग ते त्या माणसाला आतल्या खोलीत नेत आणि ओट्यावरचा झाकणाचा टब दाखवीत. टबात फिकट हिरवे औषध असे. त्यात बुडालेल्या असत त्या सगळ्या वस्तू ज्या वाफेच्या मशीनमध्ये घातल्या तर वाकल्या किंवा वितळल्या असत्या: तोंड उघडे धरणारे रबरी ठोकळे, प्लास्टिकच्या मुठीचे छोटे आरसे, एक्स-रेची फिल्म धरायच्या पट्ट्या, ओठ बाजूला ओढायच्या वाकड्या कड्या. "ही दहा तास सुतकात हायत," अप्पा म्हणत. "यांना शिवायचं नाही, आणि यांच्यात नवीन काही टाकायचं नाही."

मी ते वाक्य ऐकले तेव्हा दंतवैद्यकाची पदवी घेऊन नुकतीच नांदेडला आले होते. बोलण्याची मला सवय नव्हती. आजही फारशी नाही. लिहिण्याची तर मुळीच नव्हती. या वयात हे पहिल्यांदा लिहीत आहे ते एवढ्याचसाठी की, अप्पांविषयी दुसरे कोणी लिहील असे मला वाटत नाही.

शास्त्रात या पद्धतीला थंड निर्जंतुकीकरण म्हणतात. उष्णता नाही, दाब नाही. औषध आणि वेळ एवढ्यावरच सारे काम. त्यातले औषध विकत मिळते. वेळ मात्र कोणाला तरी पाळावी लागते. वस्तू आधी घासून, धुऊन, कोरडी करून औषधात पूर्ण बुडवायची, आणि मग थांबायचे. मध्येच एखादी न धुतलेली वस्तू आत पडली, तर आधीची सगळी वेळ बाद. पुन्हा पहिल्यापासून मोजायची. धातूची अवजारे वाफेच्या मशीनमध्ये जात, पण त्या काळी नांदेडला वीज जाण्याचा भरवसा होता, येण्याचा नव्हता, त्यामुळे पुष्कळदा तीही टबातच येत. दवाखान्याचा सारा दिवस त्या टबाच्या तालावर चाले.

अप्पा ठेंगणे, रुंद खांद्यांचे होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असत आणि मास्कच्या दोऱ्यांनी दुपारपर्यंत त्यांचा एकच राखी डाग होई. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी असे. ते मोरीवर वाकले की ती पुढे लोंबे. ओल्या हाताला ती लागू नये म्हणून ते मानेला एक हिसका देऊन ती खांद्यामागे टाकीत. सकाळी घरी डाव्या तळहातावर लिंग ठेवून ते ज्या संथपणे त्यावर पाणी घालीत, त्याच संथपणे दवाखान्यात जाड रबरी हातमोजे घालून ते चिमट्याच्या बिजागरीत ब्रश फिरवीत. धुणे ते स्वतः करीत. धुऊन झाले की हातमोजा काढून, वस्तूच्या आतल्या बाजूने अंगठा फिरवीत. अंगठ्याला किंचितही काही लागले की ती वस्तू पुन्हा मोरीत, आणि त्यांचे हातही.

"रक्त वाळू देऊ नका," हे त्यांचे रोजचे सांगणे. "पिठल्याचं पातेलं रात्रभर तसंच ठिवून सकाळी घासून बघितलंय का बाई कधी? तसं असतंय. वरून औषध वतलं तर पिठल्याच्या वरच्या सालीला लागंल. खाली जंतू निवांत झोपलेले असतात पांघरूण घिऊन."

हातात वस्तू आणि तोंडावर मास्क असला की ते बोलत नसत. टबाकडे हनुवटी उचलीत आणि दोन बोटांनी आपल्या उघड्या मनगटावर टकटक करीत. घड्याळ ते खिशात ठेवीत. ही खूण दवाखान्यातल्या सर्वांना ठाऊक होती. तिचा अर्थ: आत कधी टाकलं?

नांदेडातल्या इतर दवाखान्यांत तेव्हा निळ्या उजेडाची कपाटे येऊ लागली होती. काचेचे दार, आत निळसर-जांभळा दिवा, त्याखाली मांडलेली चकचकीत अवजारे. निर्जंतुक केलेल्या वस्तू त्यात ठेवायला हरकत नव्हती. पण रुग्णांना, आणि हळूहळू डॉक्टरांनाही, तो उजेडच निर्जंतुक करतो असे वाटू लागले. कपाट बाहेर, रुग्णांना दिसेल असे ठेवण्याची पद्धत पडली. अप्पांचा टब आतल्या खोलीत, झाकणाखाली, उग्र वासाचा. तो दाखवण्यासारखा नव्हता.

मुखेडकडून एसटीने आलेल्या एका शेतकऱ्याने खुर्चीवर बसण्याआधी इकडेतिकडे पाहून विचारले, "डाक्टर, तुमच्याकडं निळी बत्ती न्हाई का?"

"मिठाईच्या दुकानात हाय की ती. तिथं माशा मरत्यात."

"तसं न्हाई वो. त्या दुसऱ्या डाक्टरकडं हाय. समदे जंतू जळत्यात म्हनं."

अप्पांनी एक दात काढायचा चिमटा घेतला, दिवा बंद केला आणि टॉर्च पेटवून त्याच्यावर धरली. "बघा. उजेड कुठं पडला?"

"वरी."

"आन् या सांध्यात?"

"तिथं अंधार हाय."

"मग जंतू कुठं बसतील? उजेडात का अंधारात?"

तो माणूस मनापासून हसला. "अंधारात वो, चोरावानी." त्याने दात काढून घेतला, गालाला हात लावून जाताना अप्पांना नमस्कारही केला. पुढच्या दाताला मात्र तो निळ्या बत्तीकडे गेला, हे त्याच गावच्या दुसऱ्या रुग्णाने आम्हाला सांगितले. अप्पा म्हणाले, "समजलं त्याला. पटलं नाही." त्यांना त्यात गंमत वाटली. तेव्हा अजून गंमत वाटण्यासारखे दिवस होते.

त्यांच्या आई गेल्या तेव्हा ते गावी, शिरूर अनंतपाळला गेले, माती दिली, आणि दुसऱ्या दिवशी नांदेडला येऊन दवाखाना उघडला. शेजारच्या औषध दुकानदाराला ते विचित्र वाटले. "अप्पा, काल आई गेली ना?" अप्पा म्हणाले, "गेली. आमच्यात सुतक नसतं." त्यांचे डोळे लाल होते. ते आईसाठी की टबातल्या औषधाच्या वाफेमुळे, हे सांगता येत नसे. ते नेहमीच लाल असत. तेवढ्यात एक ठेकेदार आले. मुलाचे लग्न दोन दिवसांवर, आणि पुढच्या दाताची टोपी निघून हातात आलेली.

"उद्या सकाळी या," अप्पा म्हणाले. "याला लागणारं सामान सुतकात हाय."

ठेकेदारांना ते कळले नाही. मी हळू आवाजात समजावले. ते उसळले, "अहो, स्वतःच्या आईचं सुतक न्हाई आन् प्लास्टिकच्या पट्टीचं सुतक? स्पिरिटनं पुसा की अन् घाला तोंडात!"

"तुमच्या आधी ती कुणाच्या तोंडात व्हती, सांगू?"

"सांगा!"

"नाही सांगणार. आन् तुमच्या नंतर येणाऱ्याला तुमचंबी नाव सांगणार नाही."

ठेकेदार निघून गेले. बाहेर बसलेले दोघे-तिघे त्यांच्या मागोमाग उठले. त्या दिवशी अप्पा उरलेला वेळ रिकाम्या खुर्चीजवळ उभे होते. मला वाटले, आई गेल्यानंतरचे बसणे त्यांनी असे उभ्यानेच उरकले.

हे सगळे वाचून अप्पा थोर होते असे कोणाला वाटले, तर मला पुढचे लिहिलेच पाहिजे. मीराबाई आमच्याकडे मदतनीस होत्या. हात स्वच्छ, बोलणे कमी. एका दुपारी त्या स्वतःहून आतून आल्या आणि अप्पांपुढे उभ्या राहिल्या. "अप्पा, येक आरसा पडला वो माझ्या हातून. टबात. न धुतलेला व्हता." टबाची वेळ संपत आली होती. बाहेर बाक भरलेले होते. त्या बोलल्या नसत्या तर कोणालाही कळले नसते.

अप्पांनी हातातले काम थांबवले आणि सर्वांसमोर, दार उघडे असताना, ओरडायला सुरुवात केली. "कुणाच्या तोंडात घालू आता हे? तुझ्या लेकराच्या घालू? बोल की! अक्कल गहाण ठिवून येती का कामाला?" अप्पांनी बाकावरच्या सर्वांना परत पाठवले, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला बोट दाखवून सांगितले, "या बाईमुळं." टब रिकामा करून, सारे पुन्हा धुऊन, नव्याने वेळ लावली. शास्त्राप्रमाणे त्यात काहीच चुकीचे नव्हते.

महिनाभराने मीराबाई माझ्याजवळ आल्या. त्या काम सोडून चालल्या होत्या. "मॅडम, खरं बोलून काय मिळालं मला?" त्या म्हणाल्या. "आता हितं कुनी बोलनार न्हाई. पडलं तर पडलं."

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. वाफेच्या मशीनला दाबाचा काटा असतो. त्या टबाला काटा नव्हता. तिथे माणसाच्या सांगण्यावर सगळे होते. अप्पांनी त्या दुपारी ते सांगणेच बंद पाडले. पुढे कित्येक वर्षे ते मनगटावर टकटक करीत आणि आतून उत्तर येई, "सकाळी, अप्पा," "वेळ झाली, अप्पा," आणि ते मान हलवीत. ती उत्तरे खरी असतीलही. मला मात्र त्यानंतर कधी खात्री वाटली नाही. अप्पांना ती वाटत असे, किंवा वाटते असे ते दाखवीत.

खोकला कधी सुरू झाला ते कोणी लक्षात ठेवले नाही. टबाचे औषध डोळ्यांना आणि नाकाला झोंबणारे. झाकण उघडले की वाफ थेट तोंडावर येई. आतल्या खोलीला वर एक लहानसा झरोका, त्यात बसवलेला पंखा दमलेला. वेळ झाली की वस्तू बाहेर काढून धुवायचे काम अप्पा दुसऱ्या कोणाला करू देत नसत. मी एकदा पुढे झाले तर म्हणाले, "तुमचं नाक अजून शाबूत हाय बाई. राहू द्या." आधी नुसता घसा खाकरणे होते. मग रुग्णाच्या तोंडावर वाकले असताना उबळ येऊ लागली. ते पटकन मागे वळत, भिंतीकडे तोंड करून खोकत, मास्क बदलत, हात धूत आणि पुन्हा येत. रुग्ण तोवर खुर्चीत उठून बसलेला असे.

बाकावरचे बोलणे आतपर्यंत ऐकू येई.

"डाक्टरालाच टीबी हाय म्हनं."

"मग हे दुसऱ्याला काय धुऊन देतंय?"

अप्पांनी तपासण्या करून घेतल्या होत्या. क्षयरोग नव्हता. छातीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की हा त्या औषधाच्या वाफेने जडलेला दमा आहे. टब सोडा, बराच कमी होईल. पण बाकावर बसलेल्यांना हे कसे सांगणार? एका म्हाताऱ्या बाईंना त्यांनी सांगून पाहिले, "आजी, हा खोकला लागत नाही कुणाला. तुमच्यासाठी औषध वापरतो ना, त्याचा हाय." आजी पदर नाकाला लावून म्हणाल्या, "मग माझ्या तोंडात कशाला घालता बाबा तसलं औषध?" अप्पांपाशी याचे उत्तर होते. भरपूर पाण्याने धुतल्यावर ते औषध वस्तूवर उरत नसे. पण उत्तर द्यायला श्वास पुरला नाही.

अप्पांना मूल नव्हते. भावाचा मुलगा महेश याला त्यांनी शिकवले, दंतवैद्य केले, आणि दवाखाना त्याच्याच हाती जाणार हे ठरलेले होते. "इमारत बदला, पाटी बदला, माझं नाव काढून टाका," ते महेशला म्हणत. "टब तेवढा चालू ठिवा." आयुष्याच्या अखेरीस त्यांनी कोणाकडे काही मागितले असेल तर एवढेच.

महेश वाईट नव्हता. हात हलका होता, बोलणे गोड होते, रुग्ण वाढले. तो आल्यावर भिंतींना रंग लागला, बाक जाऊन खुर्च्या आल्या. एक दिवस तो अतिशय मऊ आवाजात म्हणाला, "काका, पेशंट समोर असताना तुम्ही जरा आत बसत जा. लोक घाबरायलेत." अप्पा आत बसू लागले. म्हणजे टबाजवळ. त्यामुळे खोकला वाढला, आणि मग महेश छातीच्या डॉक्टरांना घेऊनच आला.

"काका, साहेबच सांगायलेत. टब बंद करायचा. तुमच्या तब्येतीसाठी."

"मग ती सामानं?"

"त्याचं मी बघतो."

डॉक्टर म्हणत होते ते बरोबर होते. मलाही तसेच वाटत होते, आणि म्हणून त्या खोलीत त्या दिवशी अप्पांच्या बाजूने बोलणारे कोणीच नव्हते. वाफेत टिकणाऱ्या रबराच्या, वाफेत टिकणाऱ्या प्लास्टिकच्या वस्तू एव्हाना बाजारात मिळू लागल्या होत्या. त्या घेतल्या असत्या तर टबाची गरजच संपली असती, आणि अप्पांनीही, दोन-चार दिवस तिरसटपणे का होईना, ते मान्य केले असते. मी महेशला तसे सुचवले. "बघू, मॅडम," तो म्हणाला.

दोन आठवड्यांनी बाहेरच्या खोलीत निळ्या उजेडाचे कपाट आले. काचेच्या दारावर महेशच्या नावाचा स्टिकर. आत रबरी ठोकळे, आरसे, पट्ट्या. नळाखाली विसळून ओळीने मांडलेले. अप्पा आतून आले, कपाटासमोर उभे राहिले. निळा उजेड त्यांच्या कपाळावरच्या विभूतीवर पडला. ओरडतील असे मला वाटले; मीराबाईंवर ओरडणारा तो आवाज त्या क्षणी मला हवाही होता. त्यांनी खिशातून टॉर्च काढली, काचेवर धरली, मग न पेटवताच परत ठेवली. "छान दिसतंय," ते म्हणाले. त्यानंतर ते दवाखान्यात आले नाहीत. पुढच्या महिन्यात मीही तिथले काम सोडून माझी लहानशी खोली घेतली.

लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात ते वारले. अंत्यविधी शिरूर अनंतपाळला झाला. महेशने दुसऱ्या दिवशी नांदेडला येऊन दवाखाना उघडला. त्यांच्यात सुतक नसते. रुग्णांनी त्याचे कौतुक केले.

त्याआधी काही दिवस मी त्यांना भेटायला लातूरला गेले होते. दुपारची वेळ होती. अप्पा पलंगाच्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसले होते. आडवे झाले की श्वास अडे. विभूती कोणीतरी दुसऱ्याने लावलेली होती, एका बाजूला उतरलेली. चांदीची डबी पुढे लोंबत होती आणि ती मागे टाकायला मानेत हिसका उरला नव्हता. महेश उशाशी होता. त्याने खरोखर मनापासून शुश्रूषा केली, हे मला सांगितले पाहिजे.

"काका, मॅडम आल्यात बघा."

अप्पांनी मान हलवली. श्वासातून शिटीसारखा आवाज येत होता. तेवढ्यात सिस्टर आली, वीस-बावीस वर्षांची, हसऱ्या चेहऱ्याची. "आजोबा, वाफ घ्यायची वेळ झाली हं." भिंतीवर काचेच्या दाराचे एक लहान कपाट होते. आत निळा दिवा. तिने दार उघडले आणि आतल्या तीन-चार प्लास्टिकच्या मास्कांतला एक उचलून त्यांच्यापुढे धरला.

अप्पांनी तो लगेच घेतला नाही. कपाटाकडे हनुवटी उचलली आणि दोन बोटांनी आपल्या उघड्या मनगटावर टकटक केले.

सिस्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "चार वाजलेत, आजोबा," ती प्रेमाने म्हणाली.

महेशला ती खूण कळली होती. त्याने खिडकीबाहेर पाहिले. अप्पांनी माझ्याकडे पाहिले, आणि काही सांगावे एवढा श्वास मला असूनही मी काही बोलू शकले नाही, कारण दुसरा मास्क तिथे नव्हता आणि त्यांचे ओठ निळे पडू लागले होते.

त्यांनी मास्क हातात घेतला. आतल्या बाजूने अंगठा फिरवला. अंगठ्याला जे लागले ते क्षणभर पाहिले, चादरीला पुसले, आणि मास्क तोंडाला लावला.